तीन कोरे दिवस

आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्न असो की तेरवी, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच, "भाऊजी, ते बैलबंडी उलटल्याचं सांगा ना," आणि मी सुरू होतो. माझ्या बहुतेक गोष्टींत मूर्ख मीच असतो, त्यामुळे कोणाला राग येत नाही आणि पुढच्या कार्यालाही बोलावणं येतं. ही गोष्ट मी अजून कुठल्याच पंगतीत सांगितलेली नाही. हिच्यातही मूर्ख मीच आहे, पण शेवटी पानसुपारी काढावी अशी ही गोष्ट नाही.

मी नेरला पंचायत समितीत कारकून आहे. आस्थापना शाखा. सेवापुस्तकं, रजेचे अर्ज, हजेरीपट. एकोणतीस वर्षं झाली. वडील कारकून, आजोबाही कचेरीतच. आमच्या घरात दुधावरची साय गेली तरी आधी कोणाची सही घेतली होती ते विचारतात. आम्हाला पोरगी एकच. आता ती चोवीस वर्षांची आहे.

तिचा आजार आम्ही फार वर्षं आजार म्हणून ओळखला नाही. मला हाफिसातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिचे वीस फोन यायचे. आलो की गळ्यात पडायची, आणि चहा होईपर्यंत काहीतरी शब्द लागायचा आणि मी जगातला सगळ्यात वाईट बाप ठरायचो. मैत्रीण झाली की देवी, आठ दिवसांनी तीच डाकीण. अमरावतीला एमएस्सीला गेली आणि दीड वर्षात सामान घेऊन परत आली. मे महिन्यात, नेरच्या उन्हात, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून हिंडायची. मी म्हणायचो, फॅशन असेल. मी असंही म्हणायचो की हा तापटपणा माझ्या सासुरवाडीकडून आलाय. बायको तेव्हा काही बोलायची नाही. बाह्यांखाली काय आहे ते तिला माहीत होतं. तेही तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण मी ते पुढच्या लग्नात सांगीन अशी तिला भीती होती. हे बायकोनं नंतर सांगितलं. मी रागावायला गेलो, पण रागावण्यासारखं काही सापडलं नाही.

मग डॉक्टर सुरू झाले. पहिल्यांना तिची उदासी दिसली, त्यांनी उदासीची गोळी दिली. दुसऱ्यांना तिचे चढउतार दिसले, त्यांनी मन एका पातळीवर ठेवायची गोळी दिली. कोणाला झोप गेलेली दिसली, कोणाला संताप. ज्याला जे दिसलं त्याचं त्यानं केलं, आणि कोणाचं बंद करून कोणाचं चालू ठेवायचं हे आम्ही कोणालाच विचारलं नाही. दोन वर्षांत पाच प्रकारच्या गोळ्या झाल्या. मी त्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता आणि मला त्या तक्त्याचा अभिमान होता. पोरीचं वजन वाढलं, हात थरथरायला लागले, दुपारचे बारा वाजले तरी ती उठायची नाही. आणि उठली की आतलं सगळं होतं तसंच.

शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी तो तक्ता पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते तासभर तिच्याशी एकटीशी बोलले. मग आम्हा दोघांना आत घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की याची गोळी कोणती.

"याची अशी गोळी नाही, काकाजी," ते म्हणाले. "सोबत उदासी असली, झोप गेली, संताप आवरत नसला, तर तेवढ्यापुरती देतो, तेवढ्याच दिवसांसाठी. मुख्य उपचार बोलण्याचा आहे."

"बोलतोच की आम्ही घरी," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पोरीनंही पाहिलं. मायलेकींचं इतकं एकमत मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

डॉक्टरांनी गोळ्या एकदम तोडल्या नाहीत. चार-पाच महिने लावून एकेक उतरवली, आणि आपल्या मनानं एकही बंद करायची नाही असा दम भरला. शेवटी दोन उरल्या. एक सकाळी, उदासीची. एक संध्याकाळी, लहानशी, आतली उकळी जरा खाली बसावी म्हणून. आठवड्यापुरत्याच आणायच्या आणि आईजवळ कुलपात ठेवायच्या. बोलण्याच्या उपचारांचे प्रकारही त्यांनी सांगितले. एकात माणूस आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते थांबून ओळखायला शिकतो, पण तो शिकलेले लोक त्यांच्या माहितीत पुण्या-मुंबईलाच होते. दुसऱ्यात मनात मोठी लाट आली की ती अंगावरून जाऊ कशी द्यायची याचे धडे असतात, दर आठवड्याला. ते शिकलेल्या एक मॅडम नागपूरहून दर शनिवारी त्यांच्याच दवाखान्यात यायच्या. आम्ही दुसरा निवडला. खूप विचार करून नाही. नेरहून यवतमाळला एसटी जाते, म्हणून.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन नियम सांगितले. एक, सलग चार शनिवार चुकले की उपचार थांबतो; त्यांच्या मागे बरेच लोक नंबर लावून आहेत. दोन, रोज रात्री तक्ता भरायचा. तक्ता म्हटल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. एका कागदावर आडवे सात दिवस, उभ्या रकान्यांत दुःख, राग, लाज, स्वतःला इजा करावीशी वाटणं. प्रत्येकापुढे शून्य ते पाच आकडा. आज कोणता धडा वापरला, तेही. शेवटी शेरा.

मला तो कागद इतका आवडला की नमुना आमच्या शाखेत लावावा असं वाटलं.

आम्हा दोघांनाही धडे होते. ती "मले कोणीच नाही" म्हणाली की "मग आम्ही कोण?" म्हणायचं नाही. "असं वाटत असन तर लय एकटं वाटत असन" असं म्हणायचं, आणि गप्प बसायचं. या परीक्षेत मी रोज नापास व्हायचो. बायको पहिल्या महिन्यातच पास झाली. तिनं फ्रिजमध्ये बर्फाचे दोन ट्रे कायम भरून ठेवले, कारण लाट आली की पोरगी बर्फ मुठीत धरून बसायची. कधी कधी अर्धा तास. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. बायको शेजारी बसून तूर निवडायची. मी दाराशी उभा राहून काहीतरी गमतीचं आठवायचा प्रयत्न करायचो, आणि बायको मान न वळवता हातानंच मला जायला सांगायची.

आणि ते लागू पडत होतं, ही खरी गोष्ट आहे. तक्त्यावर पाच यायचे, चार यायचे, पण आधी ती जे करून मग मॅडमना फोन करायची, ते करायच्या आधी फोन करायला लागली होती. मॅडमच्या मते सगळं यातच होतं. चार महिने गेले.

फायलीचं खातं घरात माझ्याकडे. चिठ्ठ्या, तपासण्या आणि तो तक्ता, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरात घालून मी बगलेत मारायचो. एका शनिवारी सकाळी नेरच्या बसस्टँडवर ती बाटली भरायला गेली आणि मी सवयीनं कागद जुळवायला फोल्डर उघडलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार कोरे होते.

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. तपासणी लागली की आमच्याकडे आदल्या दिवशी सगळी शाखा बसते आणि हजेरीपटातले, नोंदवहीतले कोरे रकाने भरते. यात कोणाचं वाईट करायचं नसतं. साहेबाला कोरं दिसलं की साहेब प्रश्न विचारतो, आणि प्रश्न निघाला की तो कोणाच्या तरी डोक्यावर बसतो. म्हणून कोरं जाऊ द्यायचं नाही. जिथे काहीच नाही तिथे "निरंक" लिहायचं. एकोणतीस वर्षं हे केल्यावर कोरा रकाना पाहिला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. आणि मला भीतीही वाटली. मॅडम म्हणतील, पोरगी मनावर घेत नाही, द्या नंबर दुसऱ्याला.

मी भरलं. सगळीकडे शून्य टाकलं तर संशय येतो, हे कोणत्याही कारकुनाला कळतं. म्हणून दोन, दोन, एक. मध्येच एक तीन, खरं वाटावं म्हणून. तिच्यासारखाच दोन काढला, नमुन्याच्या सह्या जुळवण्यात आयुष्य गेलंय. शेऱ्यात तिन्ही दिवस "निरंक". सगळं मिळून दोन मिनिटं लागली. गाडी लागली तेव्हा फोल्डर माझ्या बगलेत होतं आणि मला एखाद्याचं रखडलेलं काम करून दिल्यासारखं बरं वाटत होतं.

त्या दिवशी काय झालं ते मला फार नंतर कळलं. मॅडमनी तक्ता पाहिला, "निरंक" वाचून हसल्या. त्यांना वाटलं, बापाच्या हाफिसाची ही थट्टा करतेय. पोरीनं कागद हातात घेतला, पाहिला, आणि तीही हसली. त्या आठवड्यात तिच्या अमरावतीच्या मैत्रिणीचं लग्न झालं होतं आणि हिला पत्रिका नव्हती. ते ती सांगणार होती. सांगितलं नाही.

पुढचे सहा आठवडे तक्ता कसा भरून आला म्हणता. एकही दिवस कोरा नाही. दोन, दोन, एक, दोन. आमच्या शाखेला लाजवील असा. डॉक्टरांनी दोन भेटी पाहिलं आणि संध्याकाळची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. मॅडमनी आठवड्याचं पंधरा दिवसांवर नेलं. दिग्रसला पुतणीचा साखरपुडा होता, तिथे मी चार लोकांना बाजूला घेऊन सांगितलं, आमची पोरगी आता पाचावरून दोनावर आली. एकानं विचारलं, म्हणजे किती मार्कांपैकी. सगळे हसले. मीही हसलो. पोरगी पाच पावलांवर पंगत वाढत होती.

त्यानंतरच्या सोमवारी, भर दुपारी, बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, तेव्हा पोरीनं स्वतःला इजा केली. आधी फोन केला नाही. बायको लवकर परत आली म्हणून ती आज आहे. मी हाफिसात एका शिक्षकाच्या रजेचा हिशेब लावत होतो. ॲम्ब्युलन्समध्ये काय झालं ते मला सलग आठवत नाही. बायकोच्या बोटांवरचं कुंकू आठवतं, कारण आधी मला ते कुंकू वाटलं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात ती चार दिवस होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको डबा धुवायला गेली आणि आम्ही दोघंच होतो. हाताला पट्टी, डोळे वर पंख्याकडे. मला मॅडमचा एकही धडा आठवेना.

"तू सांगितलं काहून नाही, बाई?" मी म्हणालो. "दोनच तर होतं सगळं."



"दोन तुमचं होतं, बाबा," ती म्हणाली. "ते तीन दिवस तुम्ही भरले ना? मी पाह्यले. मले वाटलं, घरी एवढंच चालते. दोन-तीनच्या वर चालत नाही. मग मी तिथूनच पुढं लिहून राह्यलतो ना."

आमच्याकडे पोरी कधीकधी लाडानं पोरासारखं बोलतात. ती लहानपणी असं बोलायची. दहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. एवढ्या जवळून बोलत होती आणि सांगत होती हे.

मी म्हणालो, मी मदत म्हणून केलं. ती म्हणाली, "हाव, माहीत आहे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झेपलं असतं.

बायकोला मी ते जिन्यात सांगितलं. तिनं ओला डबा पायरीवर ठेवला. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "मॅडमले आणि डॉक्टरांले तुम्ही सांगता का मी सांगू?" मी म्हणालो, पोरगी जरा बरी होऊ दे, मग सांगू, आता कशाला गुंता. ती म्हणाली, "पाहा, पुन्हा भरून राह्यले तुम्ही," आणि डबा उचलून वर गेली.

शनिवारी मी मॅडमपुढे उभा राहिलो, कारणे दाखवा नोटीस आलेल्या माणसासारखा. सगळं सांगितलं. बसस्टँड, पेन, तीन कसा मध्येच घातला तेही. डॉक्टर तिथेच होते. त्यांनी आपल्या कागदांत मागे जाऊन संध्याकाळची गोळी कोणत्या तारखेला थांबवली ते पाहिलं आणि काही वेळ ती तारीख बघत राहिले. मॅडम मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूक माझीही आहे, इतका सरळ तक्ता पाहून मला थांबायला हवं होतं. मग म्हणाल्या, "काका, ते तीन दिवस कोरे आले असते तर आम्ही तासभर त्या तीन दिवसांवरच बोललो असतो. दुसरं काहीच बोललो नसतो."

मॅडमनी पुन्हा दर शनिवारी बोलावलं होतं, पण घरी आल्यावर पोरीनं सांगून टाकलं, ती आता जाणार नाही. गोळी घेईल, ती आई देते म्हणून. पण तक्ता नाही, शनिवार नाही. पहिला शनिवार गेला. मॅडमचा फोन आला, ती दोन मिनिटं बोलली, हो-नाही इतकंच. दुसरा गेला. तिसऱ्या शनिवारी मी बुटाची लेस बांधून तयार होऊन बसलो, की मला पाहून तरी उठेल. ती उठली, पाणी प्यायली आणि परत जाऊन पडली. आता एकच शनिवार उरला होता. तो गेला की नागपूरच्या मॅडम दुसऱ्या कोणाच्या होणार होत्या, आणि इथून पुण्या-मुंबईला आम्ही दर आठवड्याला जाणार नव्हतो. हे तिलाही माहीत होतं.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात ओढून न्यायचे चार उपाय आले. चारही मी बायकोला सांगितले आणि चारही तिनं नाकारले. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी पोरगी मागच्या दाराशी बसली होती, तिथे मी जाऊन बसलो. गमतीचं काही बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं काहीच बोलता आलं नाही.

मग मी म्हणालो, "मले भेव वाटते. तुह्या कागदावर पाच दिसला की माह्ये हातपाय गळते. मॅडमसाठी नाही भरलं मी. माह्यासाठी भरलं. मले पाहवत नाही म्हणून."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशीतली माती उकरत राहिली. मी उठताना तिनं विचारलं, "आता पाहवते?"

खोटं तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "नाही. पण आता पेन नाही काढत."

सकाळी मी चहा घेत होतो, तर ती बाहेर आली, तयार. फोल्डर माझ्या बगलेतून काढून आपल्या पिशवीत टाकलं. बसमध्ये माझ्याजवळ बसली नाही, दोन सीट पुढे खिडकीशी बसली. अर्धा रस्ता गेल्यावर मला मागून दिसलं, ती मांडीवर कागद ठेवून काहीतरी लिहीत होती, गाडीच्या हिसक्यांत थांबत थांबत, दुसऱ्या हाताचं कोपर आडवं घालून. परीक्षेत पोरं शेजाऱ्याला दिसू नये म्हणून घालतात तसं. मी बाहेर पाहत राहिलो. बाहेर कापसाची पराटी उपटून टाकलेली वावरं होती, दुसरं काहीच नव्हतं.

दवाखान्यात तिनं मला सांगितलं, तुम्ही आत येऊ नका, आणि इथं बाकावरही नको. मी समोरच्या टपरीवर बसलो. तीन चहा झाले. टपरीवाल्यानं विचारलं, पेशंट कोण आहे, मी म्हणालो, पोरगी. तो आणखी काही विचारणार होता, पण माझं तोंड पाहून कप विसळायला लागला.

ती सव्वा तासानं बाहेर आली. डोळे सुजलेले. परत दर आठवड्याला यायचं ठरलं, संध्याकाळची गोळी तूर्त लहान मात्रेत सुरू, महिन्याभरानं बघतील, आणि तक्ता आता घरात कोणी पाहायचा नाही. हे तिनं नोटीस वाचावी तसं सांगितलं. मी हो म्हणालो.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. यवतमाळ सुटलं. मग खिडकीकडे पाहतच म्हणाली, "रविवारी पाच होतं. सगळ्या रकान्यात."

रविवारी दुपारी तिची मावशी आली होती. पोरीनं आलूबोंडे तळले होते, स्वतःहून. मावशीच्या नवऱ्याची कसली तरी नक्कल मी केली आणि ती भिंतीला टेकून पोट धरून हसली होती. बायको आणि मी त्या रात्री एकमेकांना म्हणालो होतो, आजचा दिवस बरा गेला.

मी विचारणार होतो, असं कसं, तू तर हसत होतीस. नाही विचारलं.

"हसतानीपण होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बरं." आणि मग नेर येईपर्यंत तिच्या बाजूचा हात मी सीटवर उघडा ठेवला. तिनं तो धरला नाही. पण तिथून हलवायलाही सांगितलं नाही.